बैलाला रजा, भाच्याला सजा

आमचा भाचा मूळचा साकोलीचा, हल्ली मुक्काम न्यूयॉर्क. पगार डॉलरमध्ये, दुःख मात्र अजून झाडीपट्टीतलं. श्रावण अमावास्येला त्याचा फोन ठरलेला. यंदा म्हणाला, "मामाजी, आज पोळा, अन् मले सकाळपासून मीटिंगा!"

मी म्हटलं, "मग कर ना पोळा. पुरण शिजव, लाकडी नंदी मांड."

"सण करता येते जी. सुट्टी कुठून आणू?"

पोरगं लाख बोललं. पुरणपोळी सातासमुद्रापार जाते, परदेशातला गणपतीही शनिवार-रविवार पाहून बसतो. पण आख्खं गाव एकाच दिवशी रिकामं, कचेरीला कुलूप अन् साहेबही घरी, हे बॅगेत मावत नाही. आपल्याकडे जिल्हाधिकारी स्वतःच्या अधिकारात स्थानिक सुट्ट्या देतात. न्यूयॉर्कला जिल्हाधिकारीच नाही; दाद मागायची कोणाकडे?

तसं तिथलं सरकार अगदीच निष्ठुर नाही. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना २०२३ च्या कायद्याने दिवाळीची सुट्टी मिळाली. म्हणजे पोरगं घरी, बाप ऑफिसात. केंद्राच्या सुट्ट्या ११, पण खासगी कंपनीवर त्यांचं बंधन नाही. त्यातली एक कोलंबसाची. हा गृहस्थ हिंदुस्थानला यायला निघाला अन् भलतीकडेच उतरला, तर त्याच्या नावे सुट्टी! आमचा भाचा हिंदुस्थानातून निघून बरोब्बर ठरल्या ठिकाणी उतरला, त्याला मात्र पोळ्याचा अर्धा दिवसही नाही. पत्ता चुकल्याशिवाय सुट्टीच्या यादीत नाव लागत नाही, हेच खरं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिथे कष्टकऱ्यांचा 'लेबर डे' असतो, १८९४ पासून. आमच्या कष्टकऱ्याचा, म्हणजे बैलाचा, दिवस त्याहून जुना. त्याच्या सेवाशर्ती पाहा: आदल्या संध्याकाळी खांदशेकणी, हळद-तुपाने खांदे चोळायचे, उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी आंघोळ, झूल, शिंगांना बेगड, पुरणपोळी. जू नाही, तुतारी नाही, वर मालकच पाया पडतो. भाच्याच्या मानेवर बारमाही व्हिसा. साहेब 'हॅपी लेबर डे' म्हणतो अन् मंगळवारी सकाळी सोमवारचा हिशेब मागतो.

आपणही फार फुगून जाऊ नये. शेतात ट्रॅक्टर आला, तोरणाखाली बैल कमी अन् मोबाइल जास्त. ज्याची सुट्टी तो घटला, सुट्टी घेणारे बाबू तेवढे टिकून आहेत. नवं कॅलेंडर हाती पडलं की ते आधी बघतात, यंदा कोणते सण रविवारी बुडाले. अमेरिकेने १९६८ मध्ये कायदा करून काही सुट्ट्या सोमवारला बांधून टाकल्या, हे भाच्याने सांगताच ओळखीच्या दोघा बाबूंनी पासपोर्टची चौकशी सुरू केली.

भाच्याने मात्र मीटिंग चालू असतानाच झडती, म्हणजे पोळ्याच्या तोरणाखाली म्हणायचं गाणं, पाठवली:

वाडा काचबंदी, साहेब लय भारी,
मानेवर व्हिसा, पगाराची दोरी;
बैलाले भेटे पोळी अन् रजा,
इंजिनियर झालो, कोणती ही सजा!
हर बोला, हर हर महादेव!