दोन हजार पौंडांच्या उदारपणाबद्दल आभार

माननीय रेचल रीव्हजबाई,



परवा आमच्या पेरोलच्या मुलीने सगळ्यांना मीटिंगला बोलावलं आणि आधी बिस्किटं फिरवली. इंग्लंडातल्या ऑफिसात बिस्किटं पुढे आली, की खिशाला कात्री लागणार हे समजावं. झालंही तसंच. सध्या पगारातले पैसे हातात न घेता परस्पर पेन्शनमध्ये वळवले, तर त्यांवर नॅशनल इन्शुरन्स ही पगारातली कपात पडत नाही. कंपनीचाही वाचतो, आणि आमची कंपनी त्यातला अर्धा हिस्सा आमच्याच पेन्शनमध्ये घालते. एप्रिल २०२९ पासून ही चैन वर्षाला पहिल्या २,००० पौंडांपुरतीच. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटात अर्थमंत्री म्हणून आपण तसं जाहीर केलंत. इन्कम टॅक्सची सवलत शाबूत ठेवलीत, हे उपकारच.

अख्खा बोनस पेन्शनमध्ये ढकलणाऱ्या बड्या पगारदारांना आवर घालायचा, असं आपलं म्हणणं. छान. मग घाला की! गोदामातल्या एका मॅनेजरला वर्षाला ४५,००० पौंड मिळतात, त्याच्या डायरेक्टरला १,२०,०००. दोघेही ४,५०० पौंड पेन्शनला वळवतात. मर्यादेवरचे २,५०० दोघांचे सारखेच. त्यावर मॅनेजर ८ टक्क्यांनी २०० पौंड भरणार आणि डायरेक्टर २ टक्क्यांनी ५०. कारण ५०,२७० च्या वरच्या कमाईला दर २ टक्केच. आपण बँक ऑफ इंग्लंडात अर्थतज्ज्ञ होतात. एवढं त्रैराशिक आपल्याला सुटलं नसेल, असं मी कसं म्हणू? सुटलं होतं, आणि तरी केलंत. त्याचाच संताप आहे. नेम श्रीमंतांवर धरल्याचं दाखवायचं आणि गोळी मधल्या माणसाला घालायची, ही शुद्ध लबाडी आहे.

बाकीचं थोडक्यात. नोकरदारांचा नॅशनल इन्शुरन्स वाढवणार नाही, हे आपल्या पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यातलं वचन. दर वाढवला नाहीत, खरंय. फक्त जाळं पसरलंत. लोक म्हातारपणासाठी पुरेशी शिल्लक टाकत नाहीत म्हणून आपल्याच सरकारने पेन्शन कमिशन पुन्हा बसवलं, आणि आता त्याच शिलकीवर कपात! शिवाय २,००० पौंडांच्या वरच्या रकमेवर कंपनीला जे १५ टक्के पडतील, ते ती आमच्या पगारवाढीतून वसूल करील.

आता खरं सांगू? जुलै २०२५ मध्ये भर संसदेत आपले डोळे भरून आले, तेव्हा वाईट वाटलं होतं. कर्जाच्या नुसत्या व्याजापायी वर्षाला शंभर अब्ज पौंडांहून जास्त जाणारी तिजोरी सांभाळायची, आणि खर्चाला हात लावला की स्वपक्षाचेच खासदार अंगावर येणार. त्या खुर्चीत मला कोणी फुकट बसवलं तरी बसणार नाही.

पण तिजोरी भरायचीच, तर ५०,२७० च्या आत कमावणाऱ्यांना यातून वगळा. नाहीतर तारखा आहेतच. नियम लागू होणार एप्रिल २०२९ मध्ये, आणि पुढची सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत घ्यावीच लागते.

आपला,
एक पगारदार