गुरुजींच्या माडीवरचा निळा उजेड

"काकू, काल पण दिसला का? दहा वाजेपर्यंत जळत होता."

दिसला म्हणजे गुरुजींच्या माडीवरचा निळा उजेड. पंधरवडा झाला, आमच्या गल्लीला दुसरा विषय नाही. कपाशीचा भाव, उसाची तोड, कॅनॉलचं पाणी, सगळं मागं पडलं. कुणी म्हणतं गुरुजींचं पोरगं बिअरबार काढायलंय, कुणी म्हणतं पुण्याहून काहीतरी नाद लावून आलंय. शेजारणीनं वाळवणाची पाटी भिंतीवर टेकवली. म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

"बार कसला गं," मी म्हटलं, "पोवळं पाळायलंय ते."

"पोवळं? हे?" तिनं बोट पुढं केलं. मंगळासाठी घातलेली लाल अंगठी.

"ते वेगळं. तुझ्या बोटातलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या कपारीत, अंधारात वाढतं. त्याला उजेड लागतच नाही. ह्यानं आणलेल्या पोवळ्याच्या अंगात डोळ्याला न दिसणारं शेवाळ राहतं. उजेड पडला की ते शेवाळ अन्न करतं आणि बहुतेक सगळं घरमालकाला देऊन टाकतं. म्हणून एवढं बल्बाचं कौतुक. उजेड नाही तर उपास."

"घरमालकाला? म्हणजे पोवळं हे जनावर?"

"जनावरच. तोंड असतं, पोट असतं. फक्त हिंडत नाही."

माझ्या बहिणीच्या मुलानं पुण्यात हाच उद्योग केलेला. दिवाळीला गेलं की फराळापेक्षा ट्यूबा आणि वॅटच जास्त ऐकावे लागायचे. तेव्हा कान किटले होते, आता गल्लीत मानाला चढले.

"मग आपला नऊ वॅटचा बल्ब का नाही लावत?" शेजारणीनं रास्त विचारलं. उजाला योजनेत घेतलेला तिचा बल्ब ओट्यावर अजून चालू आहे, त्याचा तिला अभिमान. "केवढा लख्ख पडतो!"

"लख्ख तुला पडतो. खोक्यावर लुमेन लिहिलेलं असतं ना, ते माणसाच्या डोळ्याचं माप. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून बल्बवाले तोच भरतात. पोवळ्याच्या शेवाळाला हवा निळा. समुद्रात तांबडा उजेड काही मीटरातच मरतो, खोल जातो तो निळा. घरातला पिवळा बल्ब २७०० केल्विनचा, पांढरा ६५०० चा. पोवळ्याच्या काचेच्या पेटीवर दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंतचा लावतात. तुझा ओट्यावरचा लावला, तर पोवळं जगेल न जगेल, काचेवर हिरवं शेवाळ मात्र आठ दिवसांत."

"आणि वीस हजार म्हणजे किंमत का काय ती?"

"किंमत नाही गं, रंग." पण तिचा तर्क फार चुकला नव्हता. चांगल्या लाइटची किंमत त्याच्या आसपास जाऊ शकते, हे मी तिला सांगितलं नाही. गुरुजींच्या घरापर्यंत पोचायला तिला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे.

"पण मी असं ऐकलं," तिनं आवाज उतरवला, "पोराला आता ह्याच्याहून मोठा पाहिजे. माडीवर वादावादी झाली म्हणे."

आता हे मला खरोखर पटलं नाही आणि मी तसं म्हटलंही. पेटी केवढी, तर साठ लीटरची. फूट-सव्वा फूट पाणी. त्यावर मोठा दिवा टांगला की पोवळं भाजून पांढरंफटक पडतं, अंगातलं शेवाळच बाहेर टाकतं. मोसंबीचं कलम नर्सरीच्या सावलीतून आणून एकदम मे महिन्याच्या उन्हात लावलं तर काय होतं, तेच. नवा लाइट आधी निम्म्या ताकदीवर, थोडेच तास, मग दोनतीन आठवड्यांत हळूहळू वाढवत आठ-नऊ तासांवर. त्यातही माप वॅटचं नसतं. शेवाळाला कामाचा उजेड किती मिळतो ते मोजतात, त्याला पार म्हणतात. मऊ जातीच्या पोवळ्यांना पन्नास ते दीडशे पार पुष्कळ. फांद्याफांद्यांच्या कठीण जातींना दोनशेच्या वर, चारशेपर्यंत. मोठा लाइट त्यांच्यासाठी.

"आणि ह्याला कुणी सांगावं," मी म्हटलं, "आपल्याच किनाऱ्यावरचं पोवळं गढूळ पाण्यात वाढतं. मालवणला बोटीतून गेलो होतो ना आपण? १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे, खाली पोवळं आहे, पण पाणी काय आरशासारखं नितळ नव्हतं. मुंबईत तर वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर निघालं. कोस्टल रोडच्या भरावाखाली जाईल म्हणून २०२० साली तिथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडं बसवल्या. मुंबईच्या त्या पाण्यात सूर्य कितीसा पोचत असेल? तरी जगत होतंच की. नितळ निळं पाणी बघायचं तर विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटर आत, आंग्रिया बँकेवर जावं लागतं. कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे त्या पोवळ्याच्या पठाराला."

"मग त्यानं तिथूनच आणलं का?"

"आणलं असतं तर बेडी पडली असती." इथं शेजारीण पाटी विसरून भिंतीवर वाकलीच. "कठीण सांगाड्याचं सगळं पोवळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. तोडायचं नाही, विकायचं नाही, घरी ठेवायचं नाही."

तिनं अंगठीचं बोट हळूच पदराआड नेलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

"त्यानं मऊ आणलंय. छत्रीसारखं एक, बटणांचा झुबका असावा तसं एक. मी बिल मागून बघितलं. आणि त्या बटणांतल्या काही जातींत भयंकर जहर असतं, उघड्या हातानं घासू नको म्हणून दमही देऊन आले. आता यादीतलं पोवळं ठेवायचंच नाही, तर त्याच्या मापाचा लाइट कशाला? तीन वेळा सांगितलं. पोरगं हो म्हणतं आणि मोबाइलमध्ये मोठाच बघतं."

वर हवा आपल्याकडची. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर, आणि पाणी पाहिजे पंचवीस-सत्तावीसवर. पूर्वी मेटल हॅलाइडचे दिवे लावायचे, ते वरून शेगडीचं काम करत. टी-फाइव्ह ट्यूब बरी, पण वर्षभरात तिचा रंग उतरतो. दिसायला जळते, आतून निकामी, म्हणून बदलत बसायचं. एलईडीला गरमी कमी, म्हणून आमच्या तीर्थपुरीत तीच खरी. पाण्यावर छोटा पंखा सोडला की अजून दोनतीन अंश उतरतात. मात्र पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं, तेही आरओचं, बोअरचं नाही.

"मीठ कुठलं, आपलं आयोडीनवालं?"

"छे. समुद्राचं वेगळं मिळतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. लीटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे पेटीला दोन किलोच्या वर."

"बया! एवढ्यात आमचं वर्षाचं लोणचं होतं." मग तिला खरी शंका आली. "आणि लाइट गेली की? परवा चार तास नव्हती."

हा प्रश्न दुकानदारानं पोराला विचारायला पाहिजे होता. उजेड एक दिवस, दोन दिवस नाही मिळाला तरी पोवळं तग धरतं. पाणी ढवळणारा पंप चार-पाच तास थांबला तर सगळ्यांचा श्वास कोंडतो, माशाचा आधी. म्हणजे मोठ्या लाइटचे पैसे इन्व्हर्टरमध्ये घालावेत, आणि इन्व्हर्टरवर पंप जोडावा. बल्ब बंद राहिला तर राहू दे. हे मी गुरुजींच्या बायकोला कालच हळदीकुंकवात सांगितलं. ती म्हणाली, इन्व्हर्टर आला तर आधी फ्रिजला.

"ते असू द्या," शेजारीण म्हणाली, "रविवारी पाहुणे येणारेत ना पोराला बघायला? अंबडचे. त्यांनी माडीवर असला उजेड बघितला म्हणजे?"

"अंबडचे का? मग मत्स्योदरी देवीच्या डोंगराच्या पायथ्याची माणसं, माशाचं कौतुकच करतील. उलट वर न्यावं त्यांना. निळ्या उजेडात ती बटणं हिरवी, नारिंगी अशी पेटतात की नवरीमुलगी तिथून हलायची नाही."

"पण त्या उजेडात माणसं कशी दिसतात? मी गेले होते, गुरुजींचे दात नुसते चमकत होते."

"मग तेवढा वेळ निळा उतरवून पांढरा वाढवायचा. मोबाइलवरनं होतं ते."

"आणि मुलीच्या बापानं किंमत विचारली तर?"

"गुरुजींकडं बोट दाखवायचं. त्यांना अजून खरी सांगितलेली नाही, ते बिनधास्त बोलतील."

शेजारणीनं पाटी उचलली. वाळवण तसंच ओलं होतं, पण ती घराकडं वळली नाही. गुरुजींच्या फाटकाकडं निघाली.