चालू स्थितीतलं पुरातत्त्व

गडहिंग्लजला पाहुणा आला की त्याला सामानगड दाखवायची रीत आहे. गडावर खडकात खोदलेल्या विहिरी आहेत, खाली उतरायला पायऱ्या आहेत, कमानी आहेत. पाहुणा चार पायऱ्या उतरतो, भिंतीवरून हात फिरवतो, "काय लोक होते!" म्हणतो आणि कमानीत उभा राहून फोटो काढून घेतो. त्याच्या कौतुकाला माझी ना नाही. पण ही विहीर म्हणजे त्या काळची पाणीपुरवठा योजना. शिबंदीला प्यायला आणि जनावरांना पाजायला पाणी हवं म्हणून ती खोदली. रोज घागरी वाहणाऱ्या गड्यानं तिच्या कमानी कौतुकानं न्याहाळल्या असतील असं मला वाटत नाही. त्यानं पायऱ्या मोजल्या असतील. तोच पाहुणा परतताना वाटेतल्या एखाद्या वाडीच्या हापशावर तोंड धुतो, पाणी पितो, आणि हापशाकडे ढुंकूनही बघत नाही. आपल्याकडे कामाची वस्तू प्रेक्षणीय ठरायची तर आधी ती निकामी व्हावी लागते. माझं म्हणणं एवढंच, की ती चालू आहे तोवरच बघून घ्यावी. नंतर तिकीट पडतं.

तो हापसाच घ्या. 'इंडिया मार्क टू' असं त्याचं लढाऊ विमानाला शोभेल असं नाव असलं, तरी घराणं जालना-सोलापूरचं आहे. पूर्वी खेड्यांत जे बिडाचे पंप बसवले जात, ते परदेशातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या बेतानं घडवलेले असत. इथं त्यांना पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत अख्खं गाव लटकायचं, आणि ते मोडायचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशननं पोलादी, दणकट पंप करून बघितला, सोलापुरात त्यावर आणखी सुधारणा झाल्या, आणि १९७०च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रूडास यांनी सोलापूर पंपाच्या धर्तीवर मार्क टू घडवला. तो पुढे आफ्रिकेतही गेला. त्याच्या डोक्याचं झाकण उघडं दिसलं तर जरूर वाकून बघावं. (उघडं नसेल तर दुरुस्तीची वाट बघावी, ती फार बघावी लागत नाही.) दांडा हलतो तेव्हा त्याचं आतलं टोक गोलाईत फिरतं, बोअरमधल्या सळईला मात्र सरळच वर-खाली व्हायला हवं, नाहीतर ती घासून झिजते. यावर तोड म्हणून दांड्याच्या टोकाला एक कमानदार पट्टी जोडली आणि तिच्यावरून साखळी सोडली. साखळी पट्टीवर बसत-सुटत राहते आणि सळई कायम ओळंब्यात लोंबते. साखळीला ओढता येतं, ढकलता येत नाही; तेव्हा खाली उतरायचं काम सळई स्वतःच्या वजनानं करते. म्हणजे निम्मं काम पृथ्वी फुकटात करते आणि उरलेल्या निम्म्यासाठी आपण एवढे धापा टाकतो.

डीपीचं नशीब याहून वाईट. गावाला तिची आठवण ती उडाल्यावरच होते. पण मोठ्या डीपीच्या बाजूला लोंबणारी काचेची बरणी, म्हणजे ब्रीदर, कुणी नीट बघितली आहे? लोड वाढला की आतलं तेल तापून फुगतं, लोड उतरला की आकसतं, आणि प्रत्येक आकसण्यासरशी डीपी बाहेरची हवा आत घेते. हवेतली ओल तेलात जाऊ नये म्हणून ही हवा बरणीतल्या सिलिका जेलच्या खड्यांतून गाळून जाते. खडे कोरडे असले तर निळे, ओल पिऊन तुडुंब झाले की गुलाबी. आवाजाचंही तसंच. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिच्या दुपटीनं, म्हणजे शंभर वेळा, आतला लोखंडी गाभा केसभर ताणला जातो आणि पूर्ववत होतो. तो घुमारा आपल्याला ऐकू येतो. शंभर हर्ट्झ म्हणजे पेटीवरच्या खर्जातल्या पांढरी पाचच्या अगदी शेजारचा, किंचित चढा सूर. भजनी मंडळांसाठी चौकाचौकांत असा फुकटचा तंबोरा टांगलेला आहे; मंडळ काळी चारात गातं, हा काही डीपीचा दोष नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे रिकामटेकड्यांचे धंदे. जेसीबी खड्डा काढू लागला की भोवती जमणाऱ्यांना वर्तमानपत्रं 'बघे' म्हणतात, आणि २०१९ साली तर जेसीबीची खुदाई बघणाऱ्यांची देशभर टिंगल झाली. पण एम. आर. हायस्कूलच्या मैदानाकडेला उन्हात नव्वद मिनिटं उभं राहून बावीस जणांना एका चेंडूमागे पळताना बघणारा गडहिंग्लजकर रिकामटेकडा नसतो, क्रीडाप्रेमी असतो. हा न्याय मला कळलेला नाही. फुटबॉल संपल्यावर हाती निकालच तेवढा उरतो; खुदाई बघणाऱ्याला मात्र पाण्याची पाइपलाइन कुठून गेली, किती खोल पुरली आणि वर माती टाकली की नुसताच राडारोडा, हे सगळं कळलेलं असतं. पुढं कधी गळती लागली की नकाशा सापडत नाही. समोरचा पानपट्टीवाला बोट दाखवून अचूक जागा सांगतो. तो बघ्यांपैकीच एक होता. शिवाय असल्या नादांना बाहेर प्रतिष्ठा आहे. ब्रिटनमध्ये विजेच्या मनोऱ्यांच्या रसिकांनी मंडळ काढलं. जपानात २०१६पासून गटाराच्या झाकणांची कार्डं छापतात आणि ती गोळा करायला लोक गावोगाव हिंडतात. आपण जेसीबीला लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीच्या गुलालात उभं करतो, त्याच्या बकेटमधून फुलं उधळतो, आणि तो स्वतःच्या कामाला लागला की बघणाऱ्याला हसतो.

दुसरा आक्षेप असा, की हे इंजिनिअरांचं, आपल्याला त्यातलं काय कळतं. कळायला फार लागत नाही. स्टँडवर गाडीची वाट बघताना जुन्या लाल एसटींच्या नंबरपाट्या वाचल्या तरी पुरे. एमएच १४ असेल तर गाडी बहुधा पुण्याच्या दापोडी कार्यशाळेत बांधलेली, २० असेल तर चिकलठाण्याची, ४० असेल तर नागपूरकडची, हिंगण्याची. गाडी कोल्हापूर जिल्ह्यात कितीही वर्षं धावो, पाटीवर जन्मगाव कायम. ती उशिरा का आली, हे मात्र पाटीवरून कळत नाही.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. नळाला पाणी नाही, आणि तुम्ही व्हॉल्व्हचं कौतुक करा! ज्याच्या शिवारात रात्री वीज येते त्याला डीपीचा सूर सांगणं ही थट्टाच आहे, हे मला मान्य. पण इथंच न बघण्याची किंमत कळते. हिरण्यकेशीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे घ्या. नदीत भिंत घातली तर पावसाळ्यात तिच्यामागं गाळ साठणार आणि पूर शेतांत घुसणार. म्हणून भिंतीऐवजी खांब उभे केले, खांबांना खाचा ठेवल्या, आणि खाचांत बरगे बसवायची सोय केली. पाऊस सरला की बरगे घालायचे, मृगाच्या तोंडावर काढायचे, नदीला तिच्या वाटेनं जाऊ द्यायचं. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा घालून मधे माती ठासत. इतकं साधं यंत्र, की त्यात बिघडण्यासारखं काही नाही. उशिरा घातले, फटी राहिल्या किंवा बरगेच चोरीला गेले, तरच ते बिघडतं. हे सगळं काठावर उभं राहून दिसतं. पण बंधारा आठ महिने पाणी अडवून धरतो तेव्हा त्याची ओळही छापून येत नाही. जुलैत तो पाण्याखाली गेला की निलजी, ऐनापूर अशी नावानिशी यादी येते. ज्यानं ऑक्टोबरात फटी बघितल्या असतील त्याची तक्रारही वेगळी होते. डीपीचंही तेच: 'लाइट नाही' म्हणून वीज कंपनीला फोन केला तर पलीकडून 'बघतो' एवढंच येतं, 'साहेब, ब्रीदरमधले खडे गुलाबी झालेत' म्हटलं की पलीकडचा माणूस खुर्चीत सावरून बसतो, आणि आधी विचारतो, "आपण कोण बोलताय?"

एका वाहनापुरती मात्र मी माघार घेतो. उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर ओघळलेला ऊस, आणि कर्ण्यावर मैलभर आधी ऐकू येणारं गाणं. सगळं बघण्यासारखं आहे. दोन ट्रॉल्यांमधला आकडा आणि त्यातली ती एकुलती एक पिन तर अभ्यासाचाच विषय. पण संकेश्वर रस्त्यावर रात्री त्याच्या मागं लागून हा अभ्यास करू नये. मागची लाल पट्टी बहुधा उसाखाली झाकलेली असते. कारखान्याच्या काट्यासमोरच्या रांगेत तो निवांत सापडतो. तिथं वेळच वेळ असतो, बघणाऱ्याला आणि ड्रायव्हरलाही.