बाटलीला श्वास घेऊ द्या

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत भाऊसाहेबांकडचं जेवणाचं आमंत्रण आलं की जाणती माणसं घरून एखादी पोळी खाऊन निघतात. स्वयंपाकात खोट काढायला जागा नाही. वहिनींच्या काळ्या मसाल्याच्या मटणासाठी माणूस सिन्नरहून चालत येईल. अडचण एवढीच की जेवणाआधी बाटली असते आणि बाटलीआधी भाऊसाहेब असतात.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होईपर्यंत त्यांना द्राक्षं म्हणजे थॉमसन आणि पेटीचा भाव, एवढंच ठाऊक होतं. मग मुलाने एकदा वाइनरीत टेस्टिंगला नेलं आणि खाल्ल्या घरचे वासे मोजणारा हा गृहस्थ खाल्ल्या घरचे वास मोजू लागला. “1999 साली सुला सुरू झाली, 2001 साली सरकारने वाइनचं धोरण आणलं. तेव्हा मी कुठे होतो? कालव्यावर!” ही हळहळ ते दर बैठकीत व्यक्त करतात. लगेच सावरूनही घेतात : “पण बागांना पाणी कुणी दिलं? म्हणजे वाइन आमच्याच खात्याची.”

खात्याचं वळण त्यांनी सोडलेलं नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. पाच रुपयांत एक दिवसाचा मिळतो, हजारात आयुष्यभराचा. भाऊसाहेबांनी आयुष्यभराचा काढला, लॅमिनेट केला आणि पाकिटात आधार कार्डाच्या पुढे ठेवला. आजवर तो कुणी मागितलेला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. मग कळलं की ती रूम फ्रान्समधली, दगडी भिंतींची. पारा सोळा ते अठरा. आमच्याकडे मे महिन्यात चाळिशीला टेकतो. घरभर थर्मामीटर घेऊन हिंडल्यावर सर्वांत थंड आणि अंधारी जागा सापडली ती देवघराच्या ओट्याखाली. तिथे आता समईचं तेल, कापूर, वाती आणि तीन कॅबर्ने आडव्या पडलेल्या असतात. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायची, हे खरंच शास्त्र आहे. पण त्यांतल्या दोन बाटल्यांना फिरकीचं झाकण आहे, हे त्यांना सांगण्याची छाती कुणाची नाही.

बुचाची बाटली उघडणं हा मुख्य कार्यक्रम. परवा अर्धं बूच वर आलं, अर्धं आत गेलं. भाऊसाहेब शांत. “पोर्तुगालचं आहे,” म्हणाले, जणू पोर्तुगालच्या बुचांची ती रीतच. वहिनींनी न बोलता चहाची गाळणी पुढे केली. वाइन गाळून पन्ह्याच्या जगमध्ये ओतली गेली आणि हुकूम सुटला : “आता तिला श्वास घेऊ द्या.” चाळीस मिनिटं वाइनने श्वास घेतला आणि आम्ही रोखून धरला. मटण दुसऱ्यांदा गरम झालं. बाजरीच्या भाकऱ्यांनी मान टाकली.

मग वास. नाक पेल्यात, डोळे मिटलेले. “ब्लॅककरंट... ओलं चामडं... मागे किंचित सिगारबॉक्स.” ब्लॅककरंटशी त्यांची ओळख कॉलेज रोडवरच्या आइस्क्रीमपुरती, सिगार तर फक्त सिनेमात पाहिलेला. पलीकडे बसलेल्या आजींनी, म्हणजे त्यांच्या मातोश्रींनी, जग जवळ ओढून हुंगला. “करवंदं रे,” एवढंच म्हणाल्या. सगळ्यांनी पुन्हा वास घेतला. करवंदंच होती.

आजी या विषयात मुलाच्या कितीतरी पुढे आहेत. रात्री जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव, तेवढंच पाणी, असा त्यांचा जुना नेम. आसव आंबवूनच करतात आणि त्यात मद्य आपसूक तयार होतं, हे बाटलीवर छापलेलंही असतं. भाऊसाहेबांनी हे एकदा त्यांना समजावून सांगितलं. आजींनी तिसरा चमचा घेतला.

या ज्ञानाने भाऊसाहेबांचा घात केला तो श्रावणात. द्राक्षं उपासालाही चालतात, तेव्हा वाइनला हरकत नाही, असा निकाल आजींनी स्वतःहून दिला होता. गप्प बसायचं की नाही? पण नाही. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा बलक सोडून पांढरं वापरतात, कुठे माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ, हे त्यांनी तिथल्या तिथे सविस्तर सांगितलं. तो श्रावण कोरडा गेला, आणि देवघराखालच्या बाटल्या महिनाभर माळ्यावर उकडत राहिल्या.

माझं त्यांच्याशी खरं भांडण मटणावरून आहे. मसालेदार जेवणावर ते कडक कॅबर्ने काढतात. तुरट वाइन आणि तिखट एकत्र आलं की जीभ दुप्पट भाजते; अशा वेळी बरी ती थोड्या गोडसर अंगाची, थंडगार शेनिन ब्लां. ती आमच्या नाशकात चांगली होते. पण गोडसर वाइनला भाऊसाहेब ‘पाहुण्यांची’ म्हणतात. स्वतः घाम पुसत कॅबर्ने पितात आणि “फिनिश लांब आहे” असं सांगतात. लांब असते ती मिरची. पाहुण्यांच्या बाटलीतली मात्र दरवेळी पाहुण्यांनी प्यायली त्यापेक्षा जरा जास्तच कमी होते, असं वहिनींचं निरीक्षण आहे.

हॉटेलात ते वेगळेच. वाइनची यादी सातबारासारखी वाचतात, सुरुवात उजव्या रकान्यापासून. दुकानातला भाव तोंडपाठ असल्याने गुणाकार मनातल्या मनात होतो आणि चेहरा पडतो. घरून आणलेली बाटली उघडून द्यायचे किती घेता, ही चौकशी होते. तो आकडा ऐकून यादी मिटते. परवा असंच झालं आणि शेवटी सहा मसाला ताकं आली.

सवयीने त्यांनी ताकाचाही ग्लास गोल फिरवला. वेटर बघत राहिला. एक घोट जिभेवर घोळवला आणि या खेपेला ब्लॅककरंट नाही, चामडं नाही, काही नाही.

“जिरं कच्चं आहे,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि दही सकाळचं नाही, कालचं. आलं मात्र ताजं.”

वेटर आत गेला. थोड्या वेळाने पंच्याला हात पुसत आचारी स्वतः बाहेर आला.

“साहेब, जिरं भाजायचं राहिलं आज. दुसरं करून देतो. पण तुम्ही आचारी की काय?”

“इरिगेशन,” भाऊसाहेब म्हणाले, आणि खिशातून परवाना काढू लागले.