श्रीयुत ९६.४० टक्के यांस खुले पत्र

श्रीयुत ९६.४० टक्के यांस,
मुक्काम चौकातला फ्लेक्स, साहेबांच्या फोटोखाली, उजवीकडून तिसरे.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दहावीचा निकाल लागल्यापासून आपली गाठ घ्यायची म्हणतो, पण आपल्याला उसंत नाही. सकाळी पेढे, दुपारी क्लासच्या जाहिरातीसाठी फोटो, संध्याकाळी ज्ञातिमंडळाचा सत्कार, शाल, श्रीफळ आणि ट्रॉली बॅग. म्हणून हे जाहीर पत्र. मी पॉलिटेक्निकच्या सुविधा केंद्रात बसून डिप्लोमाचे फॉर्म तपासतो. आपल्या तोलामोलाची मंडळी आमच्या टेबलापर्यंत फारशी येत नाहीत.

प्रथम अभिनंदन. पाचशेपैकी ४८२! दिले सहा विषय, त्यातल्या नावडत्याला 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने परस्पर वगळलं, वर इंटरमिजिएट चित्रकलेचे वाढीव गुण. रंगपेटी त्यानंतर माळ्यावर गेली, ते सोडा.

आपले पिताश्री म्हणतात, 'इंजिनिअरिंग फायनल.' उत्तम. फक्त एक किरकोळ बाब कानावर घालतो. बारावीमार्गे इंजिनिअरिंगला जाताना आपल्याला कुणी विचारत नाही. तिथे सीईटीचं नाहीतर जेईईचं पर्सेंटाईल चालतं. राज्याच्या सीईटी प्रवेशात बारावीच्या गुणांचं कामही उंबरठ्यापुरतंच: पीसीएमला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, की आत. दोघांचं पर्सेंटाईल सारखं आलं, विषयवार पाहिलं, बारावीही पाहिली आणि तरी बरोबरी सुटेना, तर कुठे आपली आठवण निघते. पंगत उठत आल्यावर दूरच्या मावसकाकांची निघते तशी.

मग आपली पुण्याई खर्ची पडणार कुठे? अकरावीत. तीही नामवंत कॉलेजात नव्हे, इंटिग्रेटेडमध्ये. क्लासचं ज्या कॉलेजशी टाय-अप, तिथे. साठ टक्क्यांनाही जिथे आनंदाने घेतलं असतं तिथे. कॉलेज प्रॅक्टिकलपुरतं आणि प्रॅक्टिकल जर्नलपुरतं. दोलक कधी हललाच नाही, पण त्याचा आवर्तकाळ पाच रीडिंगांसकट लिहिलेला, खाली सही. सरकारने २०१८ मध्ये अकरावी-बारावी विज्ञानासाठी बायोमेट्रिक हजेरीचा बडगा उगारून पाहिला. टाय-अपची तब्येत आजही ठणठणीत आहे.

आता खरी गंमत. आपल्यावाचून जिथे पान हलत नाही ती एकच वाट, आणि ती आमची. दहावीनंतरच्या डिप्लोमाला सीईटी नाही. मेरिट लागतं ते आपल्याच जिवावर. पात्रता ३५ टक्क्यांची, पण चांगल्या सरकारी पॉलिटेक्निकची कॉम्प्युटरची यादी नव्वदीच्या वरच मिटते. तीन वर्षांत डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे ज्या बाजारात आपलं नाणं चालतं तिथे ते आणायचं नाही, आणि जिथे चालत नाही तिथल्या वाटखर्चाला म्हणून पेढे वाटायचे! पिताश्रींना हे सुचवून पाहिलं. ते म्हणाले, 'एवढे मार्क पडून डिप्लोमा? लोक काय म्हणतील?' लोकांचा कटऑफ कुठल्याही संकेतस्थळावर नसतो, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

आलात तर काय होईल तेही सांगतो. पहिल्याच वर्षी फिटिंग शॉपमध्ये लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये आवळून हातात कानस देतील. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून बघायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. दुपारपर्यंत तळहाताला फोड. गुण्यापुढे ९६.४० आणि ३५.०० दोघेही सारखेच घामाघूम होतात, आणि कधी कधी ३५.०० ची पट्टी आधी काटकोनात येते, कारण त्याच्या घरी वेल्डिंगचं दुकान असतं.

आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नये. डिप्लोमाची पोरं डिग्रीला गेली की एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, त्यांना रडवतं. बारावीवाल्यांचं इंटिग्रेशन घोटून झालेलं, आमच्यांचं उरकलेलं. कित्येकांची केटी तिथेच लागते. पिताश्रींना हे सांगायला हरकत नाही. त्यांना बरंच वाटेल.

बाकी खचून जाऊ नये. साडेपाच-सहा वर्षांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आपल्याला पुन्हा बोलावणं येईल. कॅम्पसला बऱ्याच आयटी कंपन्यांची अट असते: दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि डिग्री, सगळीकडे किमान साठ, बॅकलॉग नको. एचआरच्या बाई एक्सेलमध्ये फिल्टर लावतील, आपण त्यातून सुखरूप पार पडाल. फिल्टरला साठच हवे होते. उरलेल्या ३६.४० टक्क्यांचं काय करायचं, ते पिताश्री आणि क्लासचे सर यांनी बसून ठरवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सुविधा केंद्र, टेबल क्रमांक दोन

ता. क. : मूळ गुणपत्रिका कौतुकाने लॅमिनेट करू नये. प्रवेशाच्या वेळी कधी कधी मागच्या बाजूला शिक्का मारावा लागतो, आणि प्लास्टिकवर शाई धरत नाही.