मीटर चालू आहे

(चारकोप, कांदिवली पश्चिम. म्हाडाच्या वसाहतीतलं दुकान. पाटीवर आधार, पॅन, झेरॉक्स, लॅमिनेशन. एके काळी इथं सायबर होता. मालक काका, मालाडच्या ऑफिसचं काम घरून करणारा आयटीवाला, परीक्षेचा फॉर्म भरायला आलेला कॉलेजकुमार आणि रेशनकार्ड घेऊन आलेल्या काकू. सर्व्हर डाऊन आहे, त्यामुळे सगळ्यांना वेळच वेळ आहे.)

कॉलेजकुमार : काका, राग मानू नका, पण तुमच्या काळचं ते काऊंटर-स्ट्राइक ओव्हररेटेड आहे.

आयटीवाला : (स्टुलावरून उठत) परत म्हण.

कॉलेजकुमार : ओव्हररेटेड. माणसं बघा, खोके वाटतात. कोणाला काही पॉवर नाही. त्यापेक्षा व्हॅलोरंट खेळून बघा.

आयटीवाला : २०२० सालचा. काय करता त्यात?

कॉलेजकुमार : राउंड सुरू झाला की जमलेल्या पैशांतून गन घ्यायची. पाच जणांनी साइटवर स्पाइक लावायचा, समोरच्या पाच जणांनी तो निकामी करायचा.

आयटीवाला : आणि मेलास की?

कॉलेजकुमार : राउंड संपेपर्यंत बघत बसायचं.

आयटीवाला : हे सगळं मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी १९९९ सालीच करून ठेवलंय. तेही स्वतःचा वेगळा गेम काढून नाही, हाफ-लाइफच्या अंगावर चढवलेला मॉड! तुम्ही बॉम्बला स्पाइक म्हणालात आणि वर थोडा जादूटोणा घातलात.

काका : त्या हाफ-लाइफचं मला वाईट वाटायचं रे. सगळ्या पीसींवर टाकलेला, पण खेळायचं कोणीच नाही. सगळे त्याच्या डोक्यावर पाय देऊन काऊंटरमध्ये जायचे.

आयटीवाला : अहो, १९९८ सालचा तो गेम. गोष्ट सांगण्यासाठी मध्येच सिनेमा लावत नाही. जे घडतं ते तुमच्या डोळ्यांदेखत घडतं. त्याच्यानंतर सगळ्यांनी तेच उचललं.

काका : असेल. पण सुरुवातीला त्यातला तो गॉर्डन फ्रीमन ट्रेनमध्ये बसतो आणि नुसता बसूनच राहतो. माझं गिऱ्हाईक चर्चगेटपासून लटकत आलेलं. त्याला पैसे घेऊन पुन्हा ट्रेनमध्ये कसं घालू?

काकू : बसायला मिळत होतं ना पण?

आयटीवाला : मूळ बघायचं तर १९९३ चा डूम. मग १९९६ चा क्वेक. क्वेकचं इंजिन सुधारून हाफ-लाइफ झाला, त्यातून काऊंटर-स्ट्राइक. २००३ चा पहिला कॉल ऑफ ड्यूटीसुद्धा क्वेक थ्रीच्या इंजिनावर उभा आहे. म्हणजे रात्रंदिवस भांडणारे हे दोघं सगोत्र!

काकू : मग भांडतीलच.

कॉलेजकुमार : आणि हेलो? बाहेरच्या कुठल्याही यादीत तो वर असतो.

आयटीवाला : असणारच. २००१ साल. दोनच बंदुका जवळ ठेवायच्या, आडोशाला थांबलं की ढाल आपोआप भरते. पुढे कॉल ऑफ ड्यूटीतही तेच आलं, गोळ्या खाऊन दोन मिनिटं भिंतीमागे बसलं की माणूस ठणठणीत. क्रांती होती ती!

कॉलेजकुमार : तुम्ही कुठे खेळलात?

आयटीवाला : (जरा थांबून) वाचलंय मी त्याच्याबद्दल.

काका : घ्या! अरे, एक्सबॉक्स होता कोणाकडे इथे? माझ्याकडे तर ग्राफिक्स कार्डसुद्धा नव्हतं. हाफ-लाइफ टू आला २००४ ला, तो म्हणे आधी इंटरनेटवरून स्टीमवर चालू करून घ्या. इथे एका ब्रॉडबँडवर सगळा सायबर चाललेला. म्हणून आम्ही आपले नॉन-स्टीम काऊंटरवर सुखी. २००७ ला क्रायसिस आला. मी टाकून बघितला तर पीसीचा पंखा असा ओरडायला लागला की शेजारचा इस्त्रीवाला धावत आला.

आयटीवाला : पण काका, काऊंटरच्या बाबतीत तरी माझ्या बाजूने बोला. रविवारी डस्ट टू मॅपवर या गल्लीची मॅच सेक्टर तीनशी असायची. मग कोणीतरी ओरडायचं, ऑप इंडिया लावा! जो तो स्नायपर घेऊन महालाच्या कोपऱ्यात.

काका : आणि शिव्या मला खालच्या गुजराती आजोबांच्या. पोलिसांनी रजिस्टर ठेवायला सांगितलं होतं, नाव-पत्ता-सही. एकदा हवालदार तपासायला आले. एका पानावर गॉर्डन फ्रीमन, सेक्टर पाच. मला विचारतात, हा परदेशी इथे राहतो, तुम्ही कळवलं का नाही?

कॉलेजकुमार : मग तुमच्या मते सगळ्यात इन्फ्लुएन्शियल कुठला?

काका : आयजीआय.

आयटीवाला : काका! २००० सालचा तो गेम. बाहेरच्या परीक्षकांनी किती नावं ठेवली त्याला. शत्रू मठ्ठ, मल्टिप्लेअर नाही आणि मिशनच्या मध्ये सेव्हही नाही!

काका : सेव्ह नाही, हेच तर! पोरगा तासभर सरपटत सरपटत शेवटापर्यंत जायचा, तिथे अलार्म वाजायचा, बराकीतून शिपाई धावत यायचे आणि खेळ खलास. मिशन पहिल्यापासून. पोरगा काय म्हणायचा? काका, अजून अर्धा तास वाढवा. ज्यांनी हा गेम केला ती नॉर्वेची माणसं मी कधी पाहिली नाहीत, पण या दुकानाचं डिपॉझिट त्यांनी फेडलंय. याहून मोठा प्रभाव कोणाचा असेल तर सांग.

कॉलेजकुमार : हे धंद्याच्या अंगाने झालं.

काका : चार वर्षांनी तूही नोकरी शोधशील, तेव्हा सगळं याच अंगाने दिसेल.

कॉलेजकुमार : मग पबजीच घ्या ना. अख्खा देश खेळत होता.

आयटीवाला : तो फर्स्ट पर्सन शूटरमध्ये धरायचा नाही. त्यात फर्स्ट पर्सन मोड आहे, पण खेळतं कोण? सगळे थर्ड पर्सन. आपल्याच माणसाची पाठ दिसत राहते.

काकू : आमच्या धाकट्याची दोन वर्षं आम्हालाही पाठच दिसत होती. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने तो बंद केला तेव्हा म्हटलं, चला, आता तोंड दिसेल. पुढच्या वर्षी नवीन नाव लावून परत हजर! मग त्यालाही बंदी, मग पुन्हा परवानगी. एवढ्या वेळा तर आमच्या पुनर्विकासाचा बिल्डर नाही बदलला.

कॉलेजकुमार : आपल्याकडेही बनतात हो. मास्कगन पुण्यातच बनलाय, सुपरगेमिंगचा. खराखुरा फर्स्ट पर्सन.

काका : पुण्यातला? मग तो ओव्हररेटेड आहे की नाही हे आपण नाही ठरवायचं. ते कळवतील.

कॉलेजकुमार : पण आयजीआय एवढा अवघड नसणार. मी व्हॅलोरंटमध्ये डायमंड आहे.

काका : जुना स्कॅनर फक्त एक्सपीवर चालतो म्हणून तो कोपऱ्यातला पीसी ठेवलाय. त्यात आहे अजून. बस.

(कॉलेजकुमार बसतो. मरतो. पुन्हा मरतो. आयटीवाला समाधानाने बघतो आहे.)

कॉलेजकुमार : हा कुठून मारतोय मला? काही दिसतच नाही!

काकू : आधी टॉवरवरचा उडव. मग कुंपणाच्या कडेने जा, मधून पळू नकोस.

(तिघंही वळून बघतात.)

काकू : काय बघताय? थोरल्याला न्यायला यायचे, तर हा ‘आई, दोनच मिनिटं’ म्हणायचा. दीड-दीड तास मागे उभी असायचे मी. डोळे मिटून उभी होते का? सरक तिकडे.

काका : वहिनी, तासाचे चाळीस.

काकू : वीस होते.

काका : ते २००४ साली.

काकू : मग गेम तरी कुठे आजचा आहे?