इन्क्रिमेंटल अण्णा

प्रत्येक संस्थेत असा एक गृहस्थ असतोच. पतसंस्था घ्या, गृहनिर्माण सोसायटी घ्या, गणपती मंडळ घ्या. कार्यकारिणीच्या सभेतले सगळे विषय संपलेले असतात, बटाटेवड्यांचा वास जिन्यातून वर आलेला असतो, अध्यक्ष "आयत्या वेळचे विषय काही नसतीलच" हे वाक्य "नसतीलच"वर जोर देऊन म्हणतात, आणि नेमका तेव्हा कोपऱ्यातून एक हात वर होतो. आमच्या वाचनालयात तो हात अण्णांचा. विषय वर्षानुवर्षं एकच.

"बॅकअपचं काय ठरलं?"

अण्णा एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाले. रोज रात्री डे-एंड झाला की टेप काढायची, तिच्यावर तारीख घालायची आणि दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत नेऊन ठेवायची, हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. लोक निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा करतात. अण्णांनी आमचं वाचनालय धरलं.

वाचनालयात वाचवण्यासारखं आहे तरी काय, असं खजिनदारांना वाटायचं. सभासदांची यादी, त्यांची अनामत, रोजची देवघेव, ग्रंथांची दाखल नोंद, टॅलीतले हिशेब. शिवाय कुणा देणगीदाराच्या कृपेने स्कॅन करून घेतलेले जुन्या मासिकांचे अंक. "आजवर काही गेलंय का?" हा खजिनदारांचा बिनतोड सवाल. त्यावर अण्णांनी सभेला 'टॉय स्टोरी २'ची गोष्ट सांगितली. १९९८ साली पिक्सारमध्ये कुणीतरी एक चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जायला लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट लागत नव्हता आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी उघडून बघितला नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गाडीत पांघरुणं गुंडाळून आणला गेला.

"म्हणजे आपल्याला एक बाळंतीण लागेल," उपाध्यक्ष म्हणाले. वडे आले. विषय पुढच्या सभेकडे.

शेवटी दोन पोर्टेबल डिस्क आणि एक छोटी डिस्क मंजूर झाली, तीही त्या वर्षीच्या शाली स्वस्तात मिळाल्या म्हणून. मग अण्णांनी वेळापत्रक केलं. शनिवारी रात्री फुल, म्हणजे असेल नसेल ते सगळं. सोमवार ते शुक्रवार रोज रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे मागच्या बॅकअपनंतर जेवढं बदललं तेवढंच. रोज सगळं घ्यायला गेलं तर ती मासिकं पहाटेपर्यंत चालू राहतात. रोज नुसते बदल घेतले तर पाच-दहा मिनिटांचं काम. यातल्या कुठल्या प्रती किती दिवस ठेवायच्या याचीही पद्धत असते. रोजची प्रत मुलगा, आठवड्याची बाप, महिन्याची आजोबा. नवीन प्रत आली की जुन्यातली जुनी गळते. हे ऐकून आमच्या कार्यकारिणीतले भिक्षुक सदस्य आयुष्यात पहिल्यांदा संगणकाच्या विषयात बोलले. "सपिंडीकरणात हेच आहे. नवा पितर आत आला की चौथा बाहेर. तिघांच्या वर पिंड नाही." अण्णांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं.

इथपर्यंत ठीक होतं. हे वेळापत्रक वाचनालयाच्या गोदरेज कपाटावर चिकटवून ते थांबले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता. अण्णांनी ते स्वतःला लावून घेतलं.

रविवारी सकाळी अण्णा भेटले की फुल. प्रकृती डोक्यापासून तळपायापर्यंत, मुलाची नोकरी, सुनेची नोकरी, खालच्या मजल्यावरच्या गळतीचा वाद अगदी १९९६ पासून, बँकेकडून येणं असलेल्या फरकाची रक्कम, सगळं. मध्ये "हे मागे सांगितलं होतंत" असं म्हणायची सोय नाही. "फुलमध्ये जुनंही येतं," ते शांतपणे सांगतात. सोमवारपासून मात्र फक्त बदल. सकाळी बागेत समोरून आले की नमस्कार नाही, चमत्कार नाही, "डावा." म्हणजे रविवारी उजवा गुडघा दुखत होता, तो आज डावा झाला. बाकी सगळं जैसे थे. मंगळवारी, "तो नाही म्हणाला." बुधवारी, "पण लेखी देतोय." गुरुवारी, "दिलं. सही नाही."

आता या साखळीतला मंगळवार तुमच्याकडून निसटला की बुधवार-गुरुवारला अर्थ राहत नाही. कोण नाही म्हणाला? कशाला? मी एकदा धीर करून विचारलं. अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले की मीच त्यांचा डेटा उडवलाय. "मंगळवारी सांगितलं होतं," ते म्हणाले. मंगळवारी माझा फोन वाजला होता आणि मी मान डोलावत तो बघत होतो. मग त्यांनी बारकावा समजावला. मंगळवारी अण्णा आलेच नसते तर बिघडलं नसतं. बुधवारी त्यांनी सोमवारनंतरचं सगळं सांगितलं असतं. पण मंगळवारी ते आले, त्यांनी सांगितलं, त्यांच्या लेखी काम झालं. माझ्याकडची प्रत खराब निघाली तर तो दोष साठवणुकीचा. "आता रविवारपर्यंत थांबा."

यावर उपाय डिफरेन्शियल. त्यात रोज, रविवारपासून जे जे बदललं ते सगळं पुन्हा सांगायचं. मधला एखादा दिवस गेला तरी शेवटचा ऐकला की पुरतो. अण्णांनी मला तो पर्याय देऊ केला होता. शनिवारी ते किती वेळ बोलतील याचा अंदाज घेऊन मी इन्क्रिमेंटलच बरं म्हटलं.

शिवाय तपासणी. ज्याच्यातून काही परत आणून बघितलं नाही त्याला बॅकअप म्हणायचं नाही, हा अण्णांचा दंडक. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या जुनाट संगणकावर ते कुठल्याही एका सभासदाचं खातं प्रतीतून उभं करतात आणि मूळ खात्याशी ओळीनं ओळ ताडून बघतात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला, ती त्यांच्या मते महाराष्ट्रातली पहिली रिस्टोर टेस्ट. वारकरी सभासदांनी भुवया उंचावल्या तेव्हा त्यांनी "बरं, व्हेरिफिकेशन" एवढीच माघार घेतली. त्याच पहिल्या शनिवारी बागेत माझीही तपासणी असते. "गेल्या महिन्यात गळतीवाल्याने काय सांगितलं होतं?" मी आठवायला लागलो की ते डोळे मिटून ताडून बघतात. बहुतेक वेळा मी नापास होतो आणि ते वहीत काहीतरी लिहितात.

३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो. ज्यांनी २०११ साली तो सुरू केला त्यांच्या मनात, दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल होऊ नका, असा विनोद होता. आपल्याकडे त्या दिवशी विनोद सुचेल असा एकही खजिनदार सापडायचा नाही. अण्णा ऐन मार्चअखेरीच्या संध्याकाळी पेढे घेऊन वाचनालयात गेले, आणि व्हाउचरांच्या ढिगातून खजिनदारांनी जे शब्द उच्चारले ते शासनमान्य वाचनालयात उच्चारले जाऊ नयेत असे होते. "वर्ष बंद करायच्या आधी एक पूर्ण प्रत," अण्णा म्हणाले आणि ती घेऊनच उठले.

तर या सगळ्यात माझं घर कुठे आलं? तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यातली एक वास्तूच्या बाहेर, असा या धंद्यातला नियम आहे. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तो रूढ केला. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत पाणी शिरलं, ते अण्णांच्या मनातून जात नाही. मूळ आणि प्रत एकाच छताखाली असेल तर पाणी दोन्हींना सारखंच भिजवतं. आमच्या गावाला नदी नाही, नाला आहे, हे अध्यक्षांनी सांगून पाहिलं. अण्णा एक दिवस माझ्याकडे आले, गॅलरीतून खाली वाकून बघितलं, "तिसरा मजला" असं स्वतःशीच म्हणाले आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली डिस्क माझ्या कपाटात, हिच्या पैठणीच्या शेजारी ठेवली. तेव्हापासून दर रविवारी नवी डिस्क येते, जुनी जाते. अदलाबदलीला अर्धं मिनिट. बाकीचा दीड तास अण्णांचा फुल.

मग तो गुरुवार आला. "अनुदान तातडीचे" अशा नावाची ईमेलमधली एक फाईल लिपिकबाईंनी उघडली. अनुदान तातडीचं असू शकतं यावर महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रंथालयाने विश्वास ठेवू नये, पण त्या नवीन होत्या. दुपारपर्यंत सगळ्या फायलींना कुलूप लागलं आणि पडद्यावर डॉलरमध्ये खंडणी मागणारा मजकूर आला. खजिनदारांनी "काढा-घालायची कटकट नको" म्हणून कायम संगणकालाच टोचून ठेवलेली एक स्वतःची डिस्क होती, तीही गेली. जी वस्तू संगणकाला दिसते ती चोरालाही दिसते. कामी आल्या त्या दोन: शिपाईमामा रोज सकाळी काढून कपाटात ठेवत ती रोजच्या बदलांची छोटी, आणि पैठणीशेजारची मोठी.

अण्णांनी आधी संगणक धुऊनपुसून कोरा केला, मग फुल चढवला, मग सोमवार, मग मंगळवार, मग बुधवार, त्याच क्रमाने. मी डिस्क द्यायला गेलो तो तिथेच अडकलो. रात्रभर ते एक शब्द बोलले नाहीत, ना गुडघा, ना गळती. शुक्रवारी दुपारी देवघेव सुरू झाली. गुरुवार सकाळच्या नोंदी तेवढ्या गेल्या, आणि त्या सकाळी कुणीतरी नेलेले तीन दिवाळी अंक आजतागायत परत आलेले नाहीत. बस्स.

वार्षिक अहवालात या प्रसंगावर एक ओळ आहे: "तांत्रिक अडचणीमुळे संगणकीय देवघेव एक दिवस बंद होती, सभासदांनी सहकार्य केले." पुढे संगणक कक्षाचं नूतनीकरण झालं. फीत कापायला जे आले त्यांना शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेली सरस्वती. रंगाऱ्याचाही सत्कार झाला. अण्णा शेवटच्या रांगेत होते; कार्यक्रम संपल्यावर त्यांनी फोटोग्राफरला गाठून फोटोंच्या मूळ फायली मागून घेतल्या आणि त्या रात्रीच्या बॅकअपमध्ये घातल्या.

एवढं झाल्यावर कार्यकारिणीला जाग आली आणि तिने क्लाउड घेतला. अध्यक्षांच्या भाच्याने बसवून दिला. आता सगळं आपोआप वर जातं, प्रती घराघरांत ठेवायची गरज नाही, असा ठराव झाला आणि अण्णा बिस्किटांचा डबा घेऊन गेले. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. आम्ही दोघांनी निवांत पेपर वाचला. त्याच्या पुढच्या रविवारी ही म्हणाली, "अण्णांच्या गळतीचं काय झालं हो?" आणि मला सांगता येईना.

अण्णांच्या पत्नी गेल्या त्याला काही वर्षं झाली. त्या होत्या तोवर हा रविवारचा फुल घरीच व्हायचा, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. माणूस महा कटकट्या आहे, याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. तरी मी फोन लावला.

"अण्णा, तो कोरियाचा सरकारी क्लाउड मध्यंतरी जळाला म्हणतात ना?"

"२०२५, सप्टेंबर. देजॉन. ८५८ टेराबाइट. त्यांनी बाहेर दुसरी प्रतच ठेवली नव्हती. आपलं तसं नाही, इथे मूळ आणि डिस्क, वर प्रत. नियमात बसतं." लबाडी करून माझ्या घरी यायचं या माणसाला जमणार नव्हतं.

"पण त्या भाच्याने बसवलंय ते नुसतं जुळवून ठेवणारं आहे. इथे फाईल पुसली की वरचीही पुसली जाते. इथे कुलूप लागलं की कुलूपबंद फाईलच वर जाते. आणि पासवर्ड एकट्या अध्यक्षांकडे. त्यांची निवडणूक पुढच्या महिन्यात."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. बागेत, एका बुधवारी. जुळवणं म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणाला होतात. त्याच दिवशी गळतीवाल्याने प्लंबरचं बिल निम्मं मान्य केलं होतं, पण जीएसटी सोडून."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "जीएसटी सोडून. रविवारी डिस्क घेऊन येतो. वहिनींना सांगा, जेवायलाच थांबेन. एवढ्या आठवड्यांचं आहे, इन्क्रिमेंटलने भागायचं नाही."